ढीग तापतो, पांढरा पडतो, निवतो: ओल्या कचऱ्याच्या खताबद्दल वाचकांचे प्रश्न

ढिगात काही बदललं की लोक घाबरतात आणि ते थांबवायला धावतात. या वेळच्या बहुतेक पत्रांमागे हीच काळजी आहे. खरं तर खत होतं ते या बदलांमुळेच. सुरुवातीला कामाला लागलेले सूक्ष्मजीव शेवटी तिथे नसतात आणि नसलेलेच बरे.

सोसायटीच्या खड्ड्यातला कचरा इतका तापतो की हात घालवत नाही. जिवाणू मरत नाहीत का? पाणी ओतून थंड करू का? (ठाणे)

काही मरतात, पण काम थांबत नाही. ही उष्णता त्यांनीच केलेली असते. पहिले एक-दोन दिवस साधारण २० ते ४५ अंशांत रमणारे जिवाणू आणि यीस्ट साखर, पिष्ट अशा मऊ मालावर तुटून पडतात. त्यांच्या श्वसनातून निघालेली ऊब मोठ्या ढिगाच्या पोटात अडकते. पारा ४५ च्या पुढे गेला की ते मागे पडतात आणि बॅसिलस, जिओबॅसिलस अशा उष्णताप्रिय जिवाणूंची चलती सुरू होते. ते बाहेरून येत नाहीत. सालींवर, मातीत बीजाणूंच्या रूपात आधीपासूनच असतात.

ही उष्णता हवीच, कारण रोगजंतू आणि तणाचं बी तिच्यातच मरतं. अमेरिकेतल्या नियमांनुसार बंद पात्रात ५५ अंश किंवा जास्त तापमान सलग ३ दिवस लागतं. उघड्या लांब ढिगात १५ दिवस लागतात आणि त्यात किमान ५ वेळा ढीग उलथावा लागतो, म्हणजे कडेचा थंड माल पोटात जातो. मात्र ६५ च्या वर बुरशी जवळपास संपते, मोजके जिवाणूच तग धरतात आणि काम मंदावतं. तेव्हाही पाण्याने चिखल करू नका. खालवर करून हवा द्या. नंतर ढीग पुन्हा तापला, तर आत अजून खाद्य शिल्लक आहे असं समजा.

विक्रेता म्हणतो, कल्चरची पावडर दर आठवड्याला टाका. गरज आहे का? (पुणे)

नाही. नव्या ढिगाला एकदा विरजण लावलं की पुरे, आणि त्यासाठी जुन्या खताच्या दोन-चार ओंजळी किंवा शेणकाला चालतो. इंदूर पद्धतीत, जी अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी १९३१ मध्ये पुस्तकरूपाने मांडली, पंधरवडाभर मुरलेल्या खड्ड्यातला माल शेणाबरोबर पाण्यात कालवून नव्या थरांवर शिंपडत. तापलेल्या ढिगात उष्णता सोसणारेच टिकतात, आणि ते तिथे असतातच. पावडरीचे पैसे कोरडा पालापाचोळा, भुसा मिळवण्यावर घाला. माझा आग्रहच आहे.

वरचा थर बाजूला केला तर खाली राखेसारखं पांढरं दिसतं. बुरशी लागली का? (नाशिक)

लागली तर बिघडलं काय? पण ही बहुधा बुरशी नव्हे. हे ॲक्टिनोमायसीट. दिसायला बुरशीसारखे तंतू, जात मात्र जिवाणूंची. ढिगाच्या पृष्ठाखाली वीतभर आत, जिथे ऊबही असते आणि हवाही पोचते, तिथे ते राखाडी-पांढरे पसरतात. देठ, पानांच्या शिरा, कागद असा चिवट माल फोडणं हे त्यांचं काम. यातल्याच स्ट्रेप्टोमायसिसच्या जिओस्मिन या द्रव्याने तयार खताला पहिल्या पावसातल्या मातीचा वास येतो.

एक काळजी मात्र जरूर घ्या. अशा ढिगात ॲस्परजिलस फ्युमिगाटस ही बुरशीही वाढते आणि कोरडा ढीग उलथताना तिचे बीजाणू उडतात. आधी पाणी शिंपडा, तोंडाला मास्क लावा. दमा असलेल्यांनी किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी हे काम दुसऱ्याला द्यावं.

गॅलरीतली बादली तापतच नाही, वर आंबूस वास येतो. (डोंबिवली)

बादलीएवढ्या कचऱ्यात ऊब टिकत नाही, त्यामुळे तिथे सौम्य तापमानाचे जीवच सावकाश काम करतात. खत होतं, पण रोगजंतू मरण्याची हमी नाही; म्हणून कुत्र्यामांजरांची विष्ठा त्यात नको. आंबूसपणा लॅक्टिक आम्ल करणाऱ्या जिवाणूंचा. सुरुवातीचे काही दिवस तो चालतो, हवा मिळाली की दुसरे जिवाणू ती आम्लं खाऊन टाकतात. आठवडे उलटूनही वास राहिला तर ओल जास्त आहे. सुका पाला मिसळा. मूठ घट्ट दाबल्यावर फार तर एखाद-दुसरा थेंब यावा.

तीन आठवड्यांत काळं झालेलं खत मेथीला घातलं, पानं पिवळी पडली. (सांगली)

काळं झालं म्हणजे पिकलं असं नाही. कच्च्या खतात कार्बन भरपूर उरलेला असतो. तो खाताना जिवाणू कुंडीतल्या मातीतलं नत्रही ओढून घेतात आणि मेथी उपाशी राहते. ढीग ४० अंशांच्या खाली उतरल्यावर बुरशी परतते, आणि अमोनियाचं नायट्रेट करणारे जिवाणू वाढतात. त्यांना उष्णता सोसत नाही, म्हणून ते अखेरीसच येतात. त्यांच्यासाठी एक-दोन महिने ओलसर ठेवून मुरू द्या.

तूर्तास कुंडीतलं वरचं खत काढून घ्या. पुढच्या वेळी मूठभर खत पाण्यात ढवळून गाळा आणि त्या पाण्यात भिजवलेल्या कागदावर हळीव पेरा, शेजारी साध्या पाण्यावरही. दोन-तीन दिवसांत दोन्हीकडे मुळं सारखी फुटली तर खत बेलाशक घाला.