यादी तिथेच ठेव

घरांच्या दलालीची जुनी फर्म सोडून नव्या फर्मकडे निघालीस, तो तुझा मेसेज रात्री ऐकला. मधेच रडलीस ते राहू दे, पण प्रश्नच चुकीचा विचारलास. "काका, नंबर माझ्या फोनमध्ये आहेत, मग पार्ट्या माझ्याच ना?" नाहीत. जुन्या फर्मच्याही नाहीत. घर पार्टीला घ्यायचंय, आयुष्याची पुंजी तिची जाणार. कुणाबरोबर फिरायचं ते तिला ठरवू दे.

नवा मालक पार्ट्यांची एक्सेल शीट मागतोय म्हणालीस. देऊ नकोस. सरळ सांग, "यादी मिळणार नाही, मी मिळेन." त्याचा चेहरा उतरला तर बरंच झालं, रुजू होण्याआधी माणूस कळला. ज्याला तुझी शीट हवी आहे, त्याला ती वापरून झाल्यावर तू नकोशी होशील. प्रॉपर्टी पोर्टलच्या लीड्स, म्हणजे तिथे चौकशी करणाऱ्यांचे नंबर, फर्मने पैसे मोजून घेतलेल्या असतात. त्या उचलणं म्हणजे काय, हे मी तुला सांगायला नको.

आता जुन्या फर्मचा तो 'दोन वर्षं एकाही पार्टीला फोन करणार नाही' असा कागद. घाबरून सही करू नकोस, आधी वकिलाला दाखव. १८७२च्या करार कायद्यात कलम २७ आहे. नोकरी सोडल्यावर माणसाला त्याचा धंदाच करू द्यायचा नाही, असली अट कोर्टात सहसा टिकत नाही. पण म्हणून शेफारू नकोस. फर्मची गोपनीय माहिती उचललीस तर तेच कोर्ट तुला अडवू शकतं.

खरी अडचण चालू व्यवहारांची आहे आणि त्याबद्दल तू अवाक्षर काढलं नाहीस. याचा मला राग आला. वारज्याच्या फ्लॅटचा विसार झालाय. बँकेचं कर्ज कुठवर आलंय, सोसायटीची एनओसी कुणी अडवलीय, फ्लॅटमालकाचे मूळ कागद कुणाकडे आहेत, हे सगळं तुझ्या डोक्यात. तू उठून गेलीस की ती दोन्ही कुटुंबं लटकणार. व्यवहार जुन्या फर्मकडे सुरू झाला, तिथेच संपू दे. तुझ्या जागी येणाऱ्या मुलाला हे सगळं कागदावर लिहून दे आणि पार्टीशी त्याची समोरासमोर गाठ घालून दे.

नव्या प्रोजेक्टची व्हिजिट झालेल्या पार्ट्यांचंही तेच. बिल्डरच्या सेल्स ऑफिसात त्या जुन्या फर्मच्या नावाने टॅग झाल्यात, म्हणजे तिनेच आणल्या अशी नोंद झालीय. त्या टॅगची मुदत संपायच्या आत तू त्यांना नव्या फर्मकडून पुन्हा नेलंस, तर दलालीवरून दोन फर्म भांडतील आणि पार्टी मधल्यामधे अडकेल. तिने काय पाप केलं?

महारेराची, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामकाची, एजंटची परीक्षा देऊन मिळवलेलं प्रमाणपत्र तुझं, ते तुझ्याबरोबर येईल. जाहिरातीवरचा नोंदणी क्रमांक मात्र फर्मचा. व्हॉट्सअॅपवरच्या त्या जाहिराती शेवटच्या दिवशी काढून टाक.

पार्ट्यांना एकच मेसेज कर: अमुक तारखेपासून मी इथे नाही, तुमचं काम हे बघतील. जुन्या साहेबाबद्दल चकार शब्द नको. त्यानंतर कुणी आपण होऊन फोन केला तर खुशाल बोल. पण ठरवू दे तिलाच.

मी फर्म सोडली तेव्हा असंच केलं. दलाली लेखी ठरलेली असूनही त्यांनी अर्धी दिलीच नाही. माझ्याबरोबर सोडलेला एकजण यादी घेऊन गेला, आज त्याचं स्वतःचं ऑफिस आहे, हे तुझी काकू मला दर दिवाळीला ऐकवते. असेल. माझ्या कितीतरी पार्ट्या परत फिरकल्या नाहीत, ते मला अजून सलतं. पण ज्या आल्या त्या बोलावल्याशिवाय आल्या. कर्वेनगरच्या एका आजोबांनी मुलाकडे अमेरिकेला जाताना फ्लॅटची किल्ली माझ्या हातात ठेवली. पावतीसुद्धा मागितली नाही. यादीवाल्याला कुणी अशी किल्ली दिली असेल का? मी स्वतःचंच समर्थन करतोय असं वाटत असेल तर वाटू दे.

एक यादी मात्र जरूर कर: तुझ्या येणे दलालीची. कुठला फ्लॅट, किती रक्कम, कशानंतर मिळायची. राजीनाम्याबरोबर ईमेल कर आणि उत्तर लेखी माग. मसुदा आधी मला दाखव, तू फार गोड लिहितेस.