मेशटॅस्टिकचे (मोबाइल नेटवर्कशिवाय रेडिओवरून संदेश पाठवणारी प्रणाली) दोन नोड (तिची रेडिओ उपकरणं) एकमेकांना दिसत नाहीत, काय तपासू?

हेल्टेक व्ही3 (नोडचा तयार रेडिओ बोर्ड) ब्लूटूथने फोनला जोडले गेलेत आणि तरीही संदेश जात नसेल, तर आधी 'रीजन' (कुठल्या देशाची फ्रिक्वेन्सी वापरायची ती सेटिंग) बघा. नवीन फर्मवेअर (बोर्डातलं सॉफ्टवेअर) टाकल्यावर तो 'अनसेट' असतो आणि तोवर रेडिओ प्रक्षेपणच करत नाही. अ‍ॅपमध्ये लोरा (लांब पल्ल्याचं रेडिओ तंत्र) सेटिंगमधून भारत (आयएन, 865–867 मेगाहर्ट्झ) निवडा; नोड रीस्टार्ट होईल. बोर्ड 433 वाला असेल तर मात्र सेटिंग बदलून काही होणार नाही, 863–928 वालाच हवा.

मग दोन्हीकडे मोडेम प्रीसेट (वेग आणि पल्ला ठरवणारी तयार सेटिंग) एकच आहे ना (मूळचा 'लाँग फास्ट' चालेल), आणि चॅनेलचं नाव व की (संदेश उलगडायची गुप्त किल्ली) जुळते ना, ते पाहा. हाताने टाइप करू नका, एका फोनवरचा क्यूआर दुसऱ्याने स्कॅन करा. नावात एका अक्षराचा फरक पडला तरी संदेश उलगडत नाही.

अँटेना लावल्याशिवाय वीज कधीच देऊ नका, रेडिओचा भाग जळू शकतो. बाहेरून बॅटरी घेतली असेल तर जोडण्याआधी मल्टिमीटरने प्लस-मायनस तपासा. पुष्कळदा तारा उलट्या असतात. चाचणी घेताना नोड टेबलावर शेजारी शेजारी ठेवू नका, दोन खोल्यांचं अंतर ठेवा.

रोल (नोडने जाळ्यात काय काम करायचं ती सेटिंग) 'क्लायंट'च राहू द्या. घरातला नोड 'राउटर' केला की तो प्रत्येक संदेश घाईने पुढे ढकलतो आणि उंचावरच्या चांगल्या नोडची पाळी हुकते. हॉप (संदेश एका नोडवरून पुढच्यावर किती वेळा जाईल ती संख्या) 3 पुरेत. पल्ला वाढवायचा तर अँटेना गच्चीवर न्या, त्याने जितका फरक पडतो तितका कुठल्याच सेटिंगने पडत नाही.