'सर्जन-अपॉथेकरी'ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न असा आला आहे : गिडिअन मँटेल या इंग्रज भूवैज्ञानिकाच्या चरित्राचा अनुवाद चालू आहे. तो ससेक्समधल्या लूइस गावचा 'सर्जन-अपॉथेकरी' होता. यासाठी 'शल्यचिकित्सक व औषधविक्रेता' हे चालेल का?

माझ्या मते नाही. शब्द दोन्ही बरे आहेत, घोटाळा मधल्या 'व'ने होतो. 'व' आला की दोन धंदे दिसू लागतात, सकाळी ऑपरेशन आणि संध्याकाळी दुकान. मूळ जोडशब्दात धंदा एकच आहे.

आधी व्युत्पत्ती, कारण ती मोठी मजेदार आहे. 'सर्जन'च्या मुळाशी ग्रीकमधले 'हाताचे काम' आहे. आपला 'शल्य' वेगळ्या बाजूने येतो. शल्य म्हणजे अंगात रुतलेला बाण किंवा काटा, आणि तो काढतो तो शल्यवैद्य. तिकडे हाताला मान, इकडे काट्याला. 'अपॉथेकरी'चे मूळही ग्रीकच, अर्थ कोठार. आपण वखार म्हणतो तेच. त्याच मुळातून 'बुटीक' निघाले आणि पोर्तुगीजांचे 'बोतिका' म्हणजे औषधाचे दुकानही. थोडक्यात, मूळचा अपॉथेकरी हा मालाचा धनी.

हा धनी रोग्याला तपासू कधी लागला? लंडनमध्ये विल्यम रोझ नावाच्या अपॉथेकरीवर फिजिशियनांच्या, म्हणजे रोग तपासून औषध लिहून देणाऱ्या पदवीधर डॉक्टरांच्या, कॉलेजाने खटला भरला होता. तो 1704 साली हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला आणि रोझ जिंकला. तेव्हापासून अपॉथेकरीला रोग्याला सल्ला द्यायची मुभा मिळाली, पण पैसे घ्यायचे ते औषधाचे, सल्ल्याचे नव्हेत. साहजिकच बाटल्या वाढल्या. विद्यापीठाची पदवी घेतलेले फिजिशियन मोठ्या शहरांत, मोठ्या घरांत. तालुक्याच्या गावाला परवडायचा तो हा एकच माणूस, जो हाड बसवी, फस्त खोली (म्हणजे शीर उघडून रक्त काढी), बाळंतपण करी आणि गोळ्याही स्वतःच वळी.

मँटेल असा घडला. जन्म 1790, बाप लूइसमध्येच चांभारकाम करणारा, घर मेथडिस्ट पंथाचे. पंधराव्या वर्षी तो गावातल्या जेम्स मूर यांच्याकडे पाच वर्षांच्या उमेदवारीवर राहिला, आणि त्यासाठी घरच्यांनी मूर यांना 200 पौंड मोजले. ('उमेदवार' हा शब्द अनुवादात अवश्य वापरा. निवडणुकीने तो पळवला आहे, पण उस्तादाच्या हाताखाली राहून धंदा शिकणारा हा अर्थही त्याचाच आहे.) बाटल्या धुणे, औषधे लावून ठेवणे, गोळ्या करणे इथून सुरुवात झाली. मग लंडनला शिक्षण, 1811 मध्ये सर्जनांच्या कॉलेजचा डिप्लोमा, आणि परत लूइसला येऊन मूर यांच्याशीच भागीदारी. अपॉथेकरींना परवाना आणि पाच वर्षांची उमेदवारी सक्तीची करणारा कायदा 1815 चा. मँटेल त्याआधीच धंद्यात पडला होता.

आता मराठी शब्दाकडे. 'वैदू' म्हटले तर जंगलातल्या मुळ्या विकणारा डोळ्यांपुढे येतो. 'वैद्य' म्हटले की आयुर्वेद आलाच. 'कंपाउंडर' जवळचा आहे, पण तो दुसऱ्याच्या हाताखालचा. 'शल्यविशारद' तर वाचकाला थेट ऑपरेशन थिएटरात नेऊन उभा करतो. मला वाटते, उत्तर आपल्या तोंडात रोज असलेल्या 'दवाखाना' या शब्दात आहे. दवाखाना म्हणजे औषधाचे घर, अर्थात कोठारच! तरी तिथे आपण जातो ते तपासून घ्यायला. लाल मिक्श्चरच्या बाटलीवर डोसांच्या खुणांची कागदी पट्टी डकवून देणारे डॉक्टर ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना अपॉथेकरी वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. तपासणीचे किती आणि औषधाचे किती, हे तिथेही कोणी विचारत नसे.

म्हणून माझी सूचना अशी. पहिल्या उल्लेखाला 'सर्जन-अपॉथेकरी' तसाच ठेवा आणि लगेच एका वाक्यात फोड करा : 'म्हणजे शस्त्रक्रियेपासून गोळ्या वळण्यापर्यंत सारे स्वतः करणारा गावचा दवाखानेवाला'. पुढे नुसते 'गावचा सर्जन' पुरे.

याने कथानकालाही मदत होईल. 1816 मध्ये मेरी अ‍ॅन वुडहाउस या घरात सून म्हणून आली ती अशा दवाखान्याच्याच घरात. रात्री-अपरात्री दार वाजणार, आणि जो काही वेळ उरेल तो नवऱ्याच्या दगडांत जाणार. नवऱ्याच्या 1822 च्या जीवाश्मांवरील ग्रंथातली चित्रे तिने कोरली. 1825 मध्ये त्याने इग्वानोडॉन या डायनासोरचे दात जगापुढे मांडले. पुढच्याच वर्षी हॅना रसेल या बाईला नवऱ्याला सोमल (आर्सेनिक) घातल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली, तेव्हा पुरावा कच्चा असल्याचे दाखवून तिला सोडवण्यात मँटेलचा मोठा वाटा होता. कोठारातला माल ओळखणाऱ्याचीच ही कामगिरी, नुसत्या हातवाल्याची नव्हे. या प्रकरणात जोडशब्दाचा दुसरा अर्धा भाग वाचकाच्या ध्यानात राहायला हवा.

1833 मध्ये कुटुंब ब्रायटनला गेले. तिथे घराचे संग्रहालय झाले. माणसे हाडे बघायला येत, दाखवायला येत नसत. इथे मराठीतले 'दवाखाना बसला' हे अगदी चपखल बसेल. 1838 मध्ये संग्रह ब्रिटिश म्युझियमला 4000 पौंडांना विकला गेला, 1839 मध्ये बायको घर सोडून गेली, मुलगा वॉल्टर न्यूझीलंडला निघाला आणि 1840 मध्ये मुलगी हॅना वारली. पाठीच्या असह्य दुखण्यावर तो अफू घेत असे. 1852 मध्ये अफूची मात्रा जास्त झाल्यानेच तो गेला.

जाता जाता एक धोक्याची सूचना. उत्तरार्धातल्या पुस्तकांवर त्याच्या नावापुढे एलएल. डी. दिसते आणि लोक त्याला 'डॉ. मँटेल' म्हणताना आढळतात. ती येल कॉलेजची मानद पदवी होती आणि ती कायद्याची. इंग्लंडात सर्जन हा 'मिस्टर'च, आजही. तेव्हा सुरुवातीच्या प्रकरणांत 'डॉक्टर मँटेल' लिहू नका. 'मिस्टर मँटेल' ठेवा, आणि मूळ पुस्तकात 'डॉ.' येईल तिथेच तो आणा.