रोज जिमला जाऊनही मन उदास राहतं. सांघिक खेळाने खरंच फरक पडतो का?

मला तरी पडला. पण चार माणसांनी एका जागी घाम गाळला की झालं, असं नाही.

शाळेत मी खो-खो खेळायचे. मग लग्न, नोकरी, पुढे घरूनच काम, आणि मैदान सुटलं ते पंचवीस वर्षं. व्यायाम सुटला नव्हता. कानात गाणी घालून रोज तासभर चालायचे. वजन आटोक्यात होतं, डोक्यातलं चऱ्हाट मात्र चालूच. दोन वर्षांपूर्वी कॉलनीतल्या बायकांनी रविवारी सकाळी खो-खो सुरू केला. पहिल्या दिवशी उकिडवं बसताना गुडघे काय काय बोलले, विचारू नका.

आठजणी ओळीत बसतात, एकीआड एक उलट्या तोंडाने. नववी पळते. तिला मधली पाटी ओलांडता येत नाही, धरलेली दिशा खांब गाठल्याशिवाय बदलता येत नाही. गडी पलीकडे सटकला की खो देण्यावाचून गत्यंतर नाही. आणि खो येतो पाठीमागून. देणारी दिसत नाही, नुसती तिची पावलं आणि धाप ऐकू येते. पंजा पाठीवर पडायच्या आतच अंग उठू बघतं (उठलात तर फाऊल, ते वेगळं). रीतसर डाव नऊ मिनिटांचा, आम्ही पाचच खेळतो. त्या पाच मिनिटांत ऑफिस, हप्ते, मुलाची दहावी, काही म्हणजे काही आठवत नाही.

मिहाय चिक्सेंटमिहाय या मानसशास्त्रज्ञाने या अवस्थेला 'फ्लो' म्हटलं. आपण म्हणतो, डाव रंगला. 'मी रंगले' नाही, डाव रंगला! मानसशास्त्रज्ञ चार्ल्स वॉकर यांनी २०१० साली याच गोष्टीवर संशोधन प्रसिद्ध केलं. फळीने चेंडू टोलवायचा साधा खेळ त्यांनी काहींना एकेकट्याने, काहींना मिळून खेळायला लावला. कौशल्य आणि अवघडपणा सारखा असूनही मिळून खेळणाऱ्यांना जास्त मजा आली, आणि एकमेकांवाचून अडावं असा खेळ असेल तर आणखीच. शेजारीशेजारी ट्रेडमिलवर पळण्यात हे अडणंच नसतं.

तेव्हा जिम सोडू नका, पण आठवड्यातून एक दिवस व्हॉलीबॉल, कबड्डी, काहीही, जिथे तुमच्यावाचून दुसऱ्याचं अडेल. उदासी आठवडेच्या आठवडे हटत नसेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा; त्यावर खेळ हा उतारा नव्हे.

आणि जोड बघून खेळा. आमच्यात एक जिल्हा पातळीवर खेळलेली आली. ती पळायला लागली की कुणाच्या हाती लागेना. ती कंटाळली, आम्ही चिडलो. आता तिला चौघी नवख्यांच्या मध्ये बसवतो. तिने दिलेला खो असा टणकन बसतो की झोपेतून उठून पळावं.