पाळीच्या आधी छातीत धडधडतं, ईसीजी मात्र नॉर्मल येतो, हे हार्मोन्समुळे असू शकतं का?

ताई, हो, असू शकतं. तुम्ही लिहिलंय की पाळीच्या आधी दोन-तीन दिवस अचानक धडधडायला लागतं आणि डॉक्टर म्हणतात टेन्शन घेऊ नका. माझं सहा वर्षं अगदी हेच चाललं होतं. मी डॉक्टर नाही, पण जे भोगलं आणि नंतर समजून घेतलं ते सांगते.

दुधाचा खाडा लिहायला मी कालनिर्णयवर खुणा करायचे, त्यातच पाळीच्या तारखेला गोल आणि धडधडलं त्या दिवशी फुली मारायला लागले. चार महिन्यांनी पानं उलटून बघितली तर बहुतेक फुल्या गोलाच्या आधीच्या आठवड्यात! मग एकदा मेथी निवडताना सुरू झालं, कोविडच्या वेळचा ऑक्सिमीटर बोटाला लावला तर ठोके मिनिटाला १८६, तशीच शेजारणीला घेऊन कोपऱ्यावरच्या दवाखान्यात गेले आणि धडधड चालू असतानाच ईसीजी काढला गेला. एसव्हीटी निघाली, म्हणजे हृदयाच्या वरच्या भागातून उठणारी अचानक वेगाची धडधड, त्यातला एव्हीएनआरटी नावाचा प्रकार, जो बायकांमध्ये पुरुषांपेक्षा साधारण दुपटीने दिसतो. धडधड थांबल्यावर काढलेला ईसीजी नॉर्मलच येणार हो, त्यात काय सापडणार.

हृदयात विजेचा संदेश वरून खाली जातो त्या वाटेवर माझ्यात एकाऐवजी दोन रस्ते होते, आणि संदेश कधीकधी त्यातच गोल गोल फिरत बसायचा. ते रस्ते हार्मोन्समुळे तयार होत नाहीत, पण पाळीच्या आधीच्या पंधरवड्यात प्रोजेस्टेरॉन वाढलेलं असतं, अ‍ॅड्रिनलिनसारख्या रसायनांचा जोरही वाढतो, मग त्या फेऱ्याला निमित्त मिळतं. गरोदरपणातही अशा धडधडी वाढतात, आणि मेनोपॉजच्या सुमाराला तर अंगातून गरम वाफा येतात त्यासोबत छातीतही धडधडतं.

अजून एक, हे फार कमी जणींना माहीत असतं. ईसीजीत क्यूटी म्हणून एक अंतर मोजतात, म्हणजे प्रत्येक ठोक्यात हृदयाचे खालचे कप्पे विजेने चेतून पुन्हा पुढच्या ठोक्याला तयार व्हायला लागणारा वेळ. लहानपणी मुलामुलींचं सारखंच असतं, वयात आल्यावर टेस्टोस्टेरॉनमुळे मुलांचं कमी होतं, आपलं लांबच राहतं. त्यामुळे काही औषधांनी ठोके बिघडायचा धोका बायकांना जास्त, उदाहरणार्थ अ‍ॅसिडिटीच्या गोळीत बऱ्याचदा असतं ते डॉमपेरिडोन, किंवा अ‍ॅझिथ्रोमायसिन. चालू असलेली सगळी औषधं डॉक्टरांना दाखवा. आणि ज्यांना जन्मतःच लाँग क्यूटी आहे, म्हणजे हे अंतर मुळातच फार लांब आहे, त्यांनी बाळंतपणानंतरचे पहिले नऊ महिने जास्तच जपायचं, चालू असलेली बीटा ब्लॉकर, म्हणजे ठोके आवरणारी गोळी, मनाने सोडायची नाही.

हिमोग्लोबिन आणि टीएसएच मात्र करून घ्याच, अ‍ॅनिमिया नि थायरॉईडमुळेही धडधडतं. माझं शेवटी अ‍ॅब्लेशन झालं, जांघेतून तार घालून तो जादा रस्ता बंद केला, दुसऱ्या दिवशी घरी. धडधडताना चक्कर येऊन शुद्ध हरपली असेल किंवा घरात कोणी तरुणपणी अचानक गेलं असेल तर पुढच्या पाळीची वाट बघू नका, लगेच दाखवा.

तुमची धडधड बटण दाबल्यासारखी एकदम सुरू होऊन एकदम थांबते का हळूहळू? तेवढं लिहा, माझी एकदम थांबायची.