आपल्या भागात वेगळ्या मुलखातले लोक वाढलेत, हे तुम्हाला कधी आणि कशावरून जाणवलं?

मला ते एका आरोळीवरून जाणवलं.

माझं गाव देवगड तालुक्यात, घरची हापूसची बाग. मे महिन्यात डोंबिवलीहून गेलो होतो. सकाळी मागच्या कलमांतून एक पोर मालवणीत ओरडलं, "गो आजी, वांदर इले!" वाटलं, शेजारचा नातू. बाहेर येऊन बघतो तर मांगरात, म्हणजे बागेतल्या खोपटात, राहणाऱ्या नेपाळी राखणदाराचा सातेक वर्षांचा मुलगा, हातात बेचकी. मला बघून थबकला आणि विचारतो कसा, "तुमी खयसून इलात?" कुठून आलात म्हणे, माझ्याच अंगणात!

नेपाळी माणसं आमच्याकडे नवी नाहीत. माझ्या लहानपणीही राखणीला एकटे पुरुष यायचे, आंबे उतरले की जायचे. बंदरात ट्रॉलरवर खलाशी म्हणून असायचे, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा मुलखाला परतायचे. १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे व्हिसाची भानगड नाही. गाव त्यांना सरसकट 'गुरखा' म्हणायचं. नाव विचारायची रीतच नव्हती, आमच्या घरातही नव्हती. आता बायकामुलं घेऊन येतात, वर्षभर राहतात. फरक पडला तो तिथे.

मांगरासमोर मुळ्याचा पाला वाळत घातलेला दिसला. आधी डब्यात दाबून आंबवतात, मग उन्हात सुकवतात, त्याला ते गुन्द्रुक म्हणतात. आईने पहिल्यांदा नाक मुरडलं होतं, "कुजवलेलो पालो खातत!" हल्ली पेजेबरोबर मागून घेते. दसऱ्याला तर गंमतच. आमच्या घटात रुजवण, त्यांच्याकडेही घटस्थापनेलाच जव पेरतात. फक्त ते अंधारात वाढवतात, म्हणून कोंब पिवळेधमक. त्याला जमरा म्हणतात. दशमीला दही, तांदूळ, कुंकू कालवून थोरांनी धाकट्यांच्या कपाळाला टिळा लावायचा. राखणदाराची बायको आईपुढे कपाळ करून उभी राहिली, आणि आईला आधी कळेचना काय करायचं ते.

"बाहेरचे फार झाले" असं गावात म्हणतात खरं. म्हणणारे निम्मे माझ्यासारखे, गणपती-शिमग्यापुरते उगवणारे. २००१ च्या जनगणनेत सिंधुदुर्गात ८ लाख ६८ हजार माणसं होती, २०११ मध्ये ८ लाख ४९ हजार. आम्ही घरांना कुलपं लावून गेलो, त्याला यांचा काय दोष? आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत पटावर नऊ मुलं आहेत, त्यातली चार नेपाळी. ती नसती तर शाळा बंद करायच्या गोष्टी कधीच सुरू झाल्या असत्या.

सगळं गोडीगुलाबीचं आहे असं नाही. बागेत चोरी झाली की पहिला संशय मांगराकडेच जातो, आणि माल सापडला तरी कोणी जाऊन चुकलं म्हणत नाही. त्या बाईला आई आता नावाने हाक मारते. बाकी गाव अजून 'गुरख्याची बायको'च म्हणतं.