खांद्यात प्लेट बसवल्यावर

ताई, खांद्याच्या ऑपरेशननंतर बाराव्या दिवशी हात वर जात नाही असं तुम्ही लिहिलंत, पण म्हणून रडू नका. माझा दीड महिन्यानंतरही वेणीपर्यंत पोचत नव्हता. दंडाच्या हाडाचं डोकं मोडलं की खांदा आखडतोच, आणि स्लिंगमध्ये, म्हणजे गळ्यातल्या झोळीत, हात फार जपलात तर अधिकच. हात हलवायला डॉक्टरांनी हो म्हटलंय ना? मग ओट्याला धरून वाका, हात लोंबता सोडा आणि अंगाच्या झोक्याने हलू द्या. हाताने जोर लावायचा नाही, तिथेच सगळे चुकतात.

व्यायामाचं दुखणं थोड्या वेळाने ओसरतं. पण हात फिरवताना आत करकरलं, टोचलं तर एक्स-रे काढाच. हाड खचलं की प्लेटच्या स्क्रूचं टोक सांध्यात घुसू शकतं. मी ‘होईल कमी’ म्हणत तीन आठवडे घालवले, शेवटी स्क्रू काढावा लागला.

टाक्यांतून पाणी, ताप, लाली दिसली तर त्याच दिवशी सर्जनकडे. घरातली उरलेली अँटिबायोटिक अजिबात नको. शुगर असेल तर ती आधी ताब्यात ठेवा.

आणि बरं वाटलं तरी फॉलोअप चुकवू नका. रक्तपुरवठा तुटलेलं हाडाचं डोकं वर्ष-दोन वर्षांनीही खचू शकतं.

झोपताना कोपराखाली उशी घ्या, जरा उताणंच झोपा.